हिरोशिमाचा हजेरीपट

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित पाठ)

'मात्रा' हा शब्द आपल्या घरात जुना आहे. सहाणेवर उगाळून मधातून चाटवायची ती मात्रा. आणि एखाद्याला कितीही समजावलं तरी फरक पडत नसेल, तर 'याच्यावर कुठलीच मात्रा चालत नाही' असं आपण म्हणतो, तीही मात्राच. औषध कोणतं यापेक्षा ते किती द्यायचं, यात वैद्याचं खरं कसब असतं, हे आपल्या आज्यांना पक्कं ठाऊक होतं. किरणोत्सर्गाचा माणसाच्या आरोग्यावर काय परिणाम होतो, हे शोधणाऱ्या शास्त्राची सुरुवातही याच शब्दापासून होते. फक्त एक मोठी अडचण होती. पहिली तीस-पस्तीस वर्षं ही मात्रा कशात मोजायची, यावरच एकमत नव्हतं.

रॉन्टगेन या जर्मन प्राध्यापकाला १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण सापडले. पुढच्याच वर्षी ते जगभरच्या डॉक्टरांच्या हातात होते. हे किरण दिसत नाहीत, त्यांना वास नाही, लागताना दुखत नाही. मग किती दिले हे समजायचं कसं? तर रुग्णाची कातडी लाल झाली की पुरे झालं! या लाल होण्यालाच त्या काळी माप मानलं गेलं. कोणाची कातडी गोरी, कोणाची सावळी, कोणाची लवकर भाजते, कोणाची उशिरा. त्यामुळे हे माप म्हणजे मुठीनं धान्य मोजण्यासारखं होतं. यंत्र नीट चालतंय ना, हे पाहायला कित्येक डॉक्टर आधी स्वतःचा हात किरणांत धरत. एडिसनचा मदतनीस क्लॅरेन्स डॅली असाच क्ष-किरणांच्या नळ्यांवर काम करत होता. आधी त्याच्या हातांना जखमा झाल्या, मग कर्करोग झाला, मग हात कापावे लागले आणि १९०४ मध्ये तो गेला. एडिसननं क्ष-किरणांचं काम सोडून दिलं.

१९२८ मध्ये स्टॉकहोमच्या परिषदेत 'रॉन्टगेन' हे एकक जगानं मान्य केलं. आज आपण 'ग्रे' आणि 'सिव्हर्ट' ही नावं ऐकतो. शरीराच्या दर किलोमागे किरणांनी एक जूल ऊर्जा सोडली, की ती एक ग्रे मात्रा. ही ऊर्जा किती लहान आहे पाहा. साऱ्या अंगाला चार ग्रे मात्रा एकदम मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर साधारण निम्मी माणसं दोनेक महिन्यांत दगावतात. पण तेवढ्या मात्रेनं शरीराचं तापमान एका अंशाचा हजारावा भागच वाढतं. उष्णतेच्या भाषेत सांगायचं तर एक छोटा चमचा गरम चहा. चहानं कोणी मरत नाही, कारण चहाची ऊर्जा साऱ्या अंगात पसरून जाते. किरण मात्र पेशीच्या आत, जिथे लागतील तिथे रेणूंचे बंध तोडतात.

शिवाय ग्रे आणि ग्रे यांतही फरक असतो. काही किरण अंगातून आरपार जातात, काही कागदाच्या कपट्यानंही अडतात. पण हे अडणारे किरण शरीराच्या आत जाऊन बसले, तर जवळच्याच पेशींवर सगळा घाव घालतात. म्हणून किरणाच्या जातीप्रमाणे गुणाकार करून जे माप काढतात, ते सिव्हर्ट. हा गुणाकार शिकायला कोणी किंमत मोजली, तर अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या तरुण मुलींनी. पहिल्या महायुद्धाच्या सुमारास तिथल्या ऑरेंज गावात घड्याळांच्या तबकड्यांवर रेडियमच्या रंगानं आकडे काढायचा कारखाना होता. आकडे अंधारात चमकत. बारीक रेघ यावी म्हणून मुली कुंचल्याचं टोक ओठांनी जुळवत. दिवसाला कित्येक वेळा. रेडियम कॅल्शियमसारखं वागतं, म्हणून ते थेट हाडांत जाऊन बसलं. काही वर्षांनी दात पडू लागले, जबडे सडले. ग्रेस फ्रायर आणि तिच्या चार मैत्रिणींनी कंपनीवर खटला भरला आणि १९२८ मध्ये तडजोड झाली. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत शरीरात किती रेडियम चालेल याची मर्यादा ठरली: एका ग्रॅमच्या कोटीव्या भागाएवढी. हा आकडा ठरवताना आधार होता तो याच मुलींच्या हाडांतून मोजलेल्या रेडियमचा.

इथपर्यंतची गोष्ट डोळ्यांना दिसणाऱ्या इजेची होती. जबडा सडला तर कशानं सडला, हे विचारायला आकडेशास्त्र लागत नाही. पण कर्करोग किरणोत्सर्ग नसतानाही होतो, आणि किरणांमुळे झालेल्या कर्करोगावर तसं काही लिहिलेलं नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही सारखेच दिसतात. मग करायचं काय? एकट्या माणसाला पाहणं सोडायचं आणि माणसांचे घोळके पाहायचे. हे काम साथरोगशास्त्राचं. नाव जरी साथीचं असलं, तरी पटकी-प्लेगच्या पलीकडे जाऊन, कोणत्या घोळक्यात कोणता रोग किती आणि का, हे ते मोजतं. १९४४ मध्ये मार्च नावाच्या अमेरिकन डॉक्टरनं एक अगदी साधी गोष्ट केली. वैद्यकाच्या नियतकालिकात येणाऱ्या डॉक्टरांच्या निधनवार्ता त्यानं वर्षानुवर्षांच्या मोजल्या आणि क्ष-किरणांचे डॉक्टर एका बाजूला, बाकीचे डॉक्टर दुसऱ्या बाजूला ठेवले. क्ष-किरणवाल्यांत रक्ताच्या कर्करोगानं होणाऱ्या मृत्यूंचं प्रमाण कित्येक पट निघालं. ही जी दुसरी बाजू आहे ना, तिला म्हणतात तुलनेचा गट. या शास्त्राचा जीव त्या दुसऱ्या बाजूत आहे. ती चुकीची निवडली, की उरलेलं सगळं गणित बिनचूक असूनही उत्तर खोटं येतं.

यानंतरचं वर्ष १९४५. ६ ऑगस्टला सकाळी सव्वाआठला हिरोशिमावर आणि ९ ऑगस्टला नागासाकीवर अणुबॉम्ब पडला. वर्षअखेरपर्यंत हिरोशिमात सुमारे एक लाख चाळीस हजार आणि नागासाकीत सत्तर हजारांच्या आसपास माणसं गेली असावीत, असा अंदाज आहे. अंदाजच, कारण मोजणारेही मेले होते आणि नोंदवह्याही जळल्या होत्या.

१९४७ मध्ये अमेरिकेनं तिथे एक आयोग नेमला, अणुबॉम्बमुळे झालेल्या हानीचा अभ्यास करायला. हिरोशिमातल्या हिजियामा टेकडीवर त्याच्या इमारती उभ्या राहिल्या. जीपगाडी दारात येई, माणसांना तपासणीला नेई, रक्त काढून घेई, छायाचित्रं घेई आणि परत आणून सोडी. औषधोपचार मात्र करायचा नाही, असं आयोगाचं धोरण होतं. आम्हाला प्रयोगातले प्राणी केलंत, ही तक्रार वाचलेल्या माणसांनी जन्मभर केली. ती खोटी नव्हती. १९७५ मध्ये या आयोगाच्या जागी जपान आणि अमेरिका यांची संयुक्त संस्था आली, आणि २०१७ साली सत्तराव्या वर्धापनदिनी तिच्या अध्यक्षांनी त्या जुन्या काळाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. आज जगभरच्या एक्स-रे खोल्या, कर्करोगाची रुग्णालयं, अणुभट्ट्या इथे जे सुरक्षिततेचे आकडे लावलेले असतात, त्यांतले बहुतेक या टेकडीवरून आलेत. तारापूरच्या कामगारांच्या छातीवर लावलेल्या बिल्ल्याची मर्यादाही शेवटी तिथपर्यंतच जाते.

आयोगाचं पहिलं मोठं काम गर्भवतींवरचं. युद्धानंतर जपानमध्ये धान्य मापून मिळत होतं, आणि पाचव्या महिन्यानंतर गर्भवतींना जास्तीचं धान्य मिळे. त्यासाठी नाव नोंदवावं लागे. जेम्स नील आणि विल्यम शुल या संशोधकांनी हीच रेशनची नोंद धरून १९४८ ते १९५४ पर्यंत जन्मलेली सुमारे ७७ हजार बाळं पाहिली. आईबापांना किरण लागले म्हणून पोटच्या मुलांत जन्मजात व्यंगं वाढली का, हा प्रश्न होता. वाढ दिसली नाही. आता 'दिसली नाही' आणि 'होत नाही' यांत या शास्त्रात फार मोठं अंतर आहे. ते पुढे पाहूच. पण त्या दोन शहरांतल्या कित्येक तरुण-तरुणींची लग्नं याच शंकेपायी मोडत होती, हे लक्षात घेतलं तर 'दिसली नाही' या दोन शब्दांचीही किंमत कळेल.

आता त्या मुख्य अभ्यासाकडे वळू. १ ऑक्टोबर १९५० ला जपानची जनगणना झाली. त्या वेळी बॉम्बच्या दिवशी तुम्ही हिरोशिमात किंवा नागासाकीत होता का, असं विचारलं गेलं. देशभरातून सुमारे दोन लाख चौऱ्याऐंशी हजार माणसं 'हो' म्हणाली. त्यांतून सुमारे ९४ हजार माणसं निवडली, आणि त्या दिवशी शहरात नसलेली साडेसव्वीस हजार माणसं तुलनेसाठी घेतली. अशी एक लाख वीस हजारांची यादी झाली. ही यादी बंद करून टाकली. त्यानंतर एकही नवं नाव घालायचं नाही, एकही काढायचं नाही. प्रत्येकाच्या मागे मरेपर्यंत जायचं.

अशा बंद यादीला इंग्रजीत कोहोर्ट म्हणतात. शब्द रोमन फौजेच्या तुकडीवरून आलेला आहे. मला विचाराल तर आपल्या वारीतली दिंडी जास्त जवळची. दिंडी गावातून निघताना तिच्यात माणसं किती, हे विणेकऱ्याला माहीत असतं. वाटेत कोण आजारी पडलं, कोण मागे राहिलं, कोण माघारी गेलं, याचा हिशेब ठेवतच ती पुढे जाते. फरक इतकाच की या दिंडीला पंढरपूर नाही. यादीतला शेवटचा माणूस जाईपर्यंत ती चालायची आहे, आणि आज ऐंशी वर्षांनंतरही चालू आहे. जपानमध्ये प्रत्येक घराची सरकारी कुटुंबनोंद असते, माणूस देशात कुठेही मेला तरी तिथे लिहिलं जातं. ती नसती तर हे जमलंच नसतं.

यादीतली माणसं वेगवेगळ्या काळापर्यंत जगतात, म्हणून नुसती डोकी मोजून चालत नाही. त्यासाठी 'व्यक्तिवर्षं' मोजतात. दहा माणसांना दहा वर्षं पाहिलं तर शंभर व्यक्तिवर्षं झाली. रोजगार हमीच्या कामावर मनुष्यदिवस मोजतात, तसंच हे. हजेरीपट तोच, फक्त इथे काम जगण्याचं आहे.

आता या यादीतल्या प्रत्येकाची मात्रा किती? बॉम्ब फुटला तेव्हा कोणाच्या अंगावर मोजमापाचं यंत्र नव्हतं. हिरोशिमात केंद्रापासून एक किलोमीटरवर उघड्यावर उभ्या असलेल्या माणसाला चार ग्रेच्या वर मात्रा मिळाली. दोन किलोमीटरवर ती ०.१ ग्रेहूनही कमी होती. एवढ्याशा अंतरात चाळीसहून अधिक पटींचा फरक! म्हणून घरोघर जाऊन विचारलं गेलं: कुठे होता? घरात की रस्त्यावर? भिंत कोणत्या बाजूला होती? उभे होता की झोपलेले? लोकांनी आठवून नकाशे काढून दिले. माणसं आपल्या आयुष्यातली सर्वांत भयंकर सकाळ फुटपट्टीनं मोजून सांगत होती. मग १९६२ मध्ये अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात ४६५ मीटर उंच मनोरा उभा केला, त्यावर उघडी अणुभट्टी टांगली आणि खाली जपानी पद्धतीची लाकडी घरं बांधली. कागदाच्या पडद्यामागे आणि कौलाखाली किती किरण पोहोचतात, हे मोजायला! हिशेब १९६५ मध्ये केला, १९८६ मध्ये पुन्हा केला, २००२ मध्ये तिसऱ्यांदा केला. ८० वर्षांपूर्वीच्या एका सकाळचा हिशेब अजूनही अधूनमधून तपासला जातो.

आणि मग मृत्यूंच्या नोंदी येऊ लागल्या. रक्ताचा कर्करोग म्हणजे ल्युकेमिया आधी दिसला. ताकुसो यामावाकी या हिरोशिमाच्या डॉक्टरला चाळिशीच्या दशकाच्या अखेरीसच त्याची चाहूल लागली होती. बॉम्बनंतर सहा-आठ वर्षांनी त्याचं प्रमाण सर्वांत जास्त होतं. कागदाचे क्रौंच पक्षी करणारी सादाको सासाकी आपल्याकडच्या पुष्कळ मुलांनाही माहीत आहे. बॉम्ब पडला तेव्हा ती दोन वर्षांची होती. दहा वर्षं अगदी धडधाकट होती, शाळेत पळण्याच्या शर्यतीत असायची. १९५५ च्या सुरुवातीला ती आजारी पडली आणि त्याच ऑक्टोबरात गेली. इजा होण्यापासून रोग दिसेपर्यंतच्या या मधल्या काळाला सुप्तकाळ म्हणतात. फुप्फुस, जठर, स्तन यांच्या कर्करोगांचा सुप्तकाळ याहून लांब असतो: दहा वर्षं, वीस वर्षं, कधी चाळीसही.

२००७ साली प्रसिद्ध झालेला हिशेब असा आहे. १९५८ ते १९९८ या चाळीस वर्षांत, थोडीफार तरी मात्रा मिळालेल्या सुमारे ४४ हजार ६०० माणसांत ७ हजार ८५१ कर्करोग झाले. बॉम्ब पडला नसता तर किती झाले असते, हे तुलनेवरून काढलं. फरक आला सुमारे ८५०. या जास्तीच्या आकड्याला 'अतिरिक्त जोखीम' म्हणतात. म्हणजे नऊ कर्करोगांतला एक बॉम्बमुळे. ल्युकेमियात हे प्रमाण मोठं आहे. २००० सालापर्यंतच्या २०४ मृत्यूंपैकी ९४, म्हणजे जवळजवळ निम्मे, बॉम्बमुळे.

ऐकणाऱ्याला हे आकडे लहान वाटतात, मोठेही वाटतात. एवढा मोठा बॉम्ब आणि फक्त ८५०? पण ही यादी १९५० मध्ये बंद झाली हे विसरू नका. आधीच्या पाच वर्षांत जे मेले, ते या हजेरीपटावर कधी आलेच नाहीत. ॲलिस स्ट्युअर्ट या ब्रिटिश डॉक्टरबाई जन्मभर हाच मुद्दा मांडत राहिल्या. त्या म्हणत, पाच वर्षं जे टिकले ते मुळातच दणकट होते, त्यांच्यावरून दुबळ्यांचा अंदाज कसा बांधता? बहुतेक तज्ज्ञांना हा आक्षेप त्या म्हणतात तेवढा मोठा वाटला नाही. मला तो पुरता निकालात निघालाय असं वाटत नाही. शिवाय 'आठशे पन्नास' म्हणजे नेमके कोण? यादीतल्या एकाही माणसाकडे बोट दाखवून 'हा त्यांतला' असं म्हणता येत नाही. शास्त्राला किती जण हे कळतं, कोण हे कळत नाही. या अडचणीनं पुढे न्यायालयात काय झालं, ते सांगेनच.

आधी ॲलिस बाईंची स्वतःची गोष्ट. पन्नासच्या दशकात इंग्लंडमध्ये लहान मुलांचे ल्युकेमियाचे मृत्यू का वाढताहेत, हे त्या शोधत होत्या. त्यांनी हिरोशिमाच्या उलट रस्ता धरला. आधी आजारानं गेलेली मुलं घेतली, त्यांच्या जोडीला तेवढीच निरोगी मुलं घेतली, आणि दोन्हींच्या आयांना सारखेच प्रश्न विचारले. त्यांत गरोदरपणात एक्स-रे काढला होता का, हाही एक होता. १९५६ आणि १९५८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापला: एक्स-रे काढलेल्या आयांच्या मुलांत धोका जवळजवळ दुप्पट. तेव्हा गर्भाचा एक्स-रे ही नेहमीची बाब होती. डॉक्टरमंडळी भडकली. त्यांचा एक आक्षेप मात्र खरोखर चांगला होता. ज्या आईचं मूल गेलंय, ती आपल्या गरोदरपणाचा एकेक दिवस पुन्हा पुन्हा आठवत बसते. जिचं मूल अंगणात खेळतंय, तिला तसं आठवायचं कारणच नाही. मग दुःखी आईच्या तोंडून एक्स-रे जास्त येणारच. याला 'आठवणीचा दोष' म्हणतात, आणि शास्त्रात इतका माणुसकीचा शब्द दुसरा मी पाहिलेला नाही.

उत्तर मिळालं १९६२ मध्ये. ब्रायन मॅकमोहननं अमेरिकेतल्या ३७ रुग्णालयांतली सात लाखांहून जास्त बाळंतपणं घेतली, आणि आयांना काहीच विचारलं नाही. एक्स-रे काढला तेव्हाच रुग्णालयानं केलेली नोंद पाहिली. तिथे आठवणीचा प्रश्नच नव्हता. धोका सुमारे ४० टक्के जास्त निघाला, म्हणजे दुपटीहून कमी, पण होता. तरीही हा प्रघात मोडायला आणखी बरीच वर्षं गेली. आज एक्स-रे खोलीच्या दारावर 'गर्भवती असल्यास आधी सांगा' अशी पाटी दिसते, तिच्यामागे या बाई आहेत.

इथे 'दुप्पट' या शब्दाचीही फोड करायला हवी, कारण वर्तमानपत्रांत तो फार वापरला जातो. कशाची दुप्पट? कोथिंबिरीची जुडी दुपटीनं महागली आणि सोनं दुपटीनं महागलं, यात फरक आहे. लहान मुलांचा ल्युकेमिया मुळातच विरळा, म्हणून दुप्पट होऊनही हजारातल्या बहुतेक सगळ्या मुलांना तो होत नाही. पण एक्स-रे लाखो गर्भवतींचे निघत असतील, तर त्या बारीक वाढीतून खरीखुरी मुलं मरतात. तौलनिक जोखीम आणि प्रत्यक्ष जोखीम हे दोन आकडे नेहमी जोडीनं विचारावेत.

आता आपल्या देशात येऊ. केरळात कोल्लम जिल्ह्यात करुनागप्पळ्ळी तालुक्याच्या किनाऱ्यावर काळसर वाळू आहे. तिच्यात मोनाझाइट, आणि मोनाझाइटमध्ये थोरियम. जमिनीतूनच किरणोत्सर्ग होतो. काही ठिकाणी वर्षाला सत्तर मिलिग्रेपर्यंत. ही मात्रा बॉम्बसारखी एका क्षणात नाही, तर थेंबाथेंबानं जन्मभर मिळते. मासेमारांची दाट वस्ती तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. तिरुवनंतपुरमच्या प्रादेशिक कर्करोग केंद्रानं १९९० पासून तिथे कर्करोगाची नोंदणी सुरू केली आणि सत्तर हजारांहून अधिक घरांत किरणोत्सर्ग मोजला. २००९ मध्ये सुमारे सत्तर हजार प्रौढांचा, सात लाख छत्तीस हजार व्यक्तिवर्षांचा हिशेब छापला गेला. १ हजार ३७९ कर्करोग. किरणोत्सर्ग जास्त असलेल्या घरांत कर्करोग जास्त, असं दिसलं नाही.

हे ऐकून अणुऊर्जेचे समर्थक म्हणतात, पाहा, काही होत नाही. विरोधक म्हणतात, अभ्यासच खोटा. दोघांनी त्याच निबंधातला दुसरा आकडा वाचायला हवा. प्रति ग्रे जोखमीत १३ टक्के घट, असा अंदाज तिथे आहे. पण त्याच्या शेजारी छापलंय की खरी किंमत ५८ टक्के घटीपासून ४६ टक्के वाढीपर्यंत कुठेही असू शकेल. याला विश्वास-अंतराल म्हणतात. आणि हिरोशिमाचा, तीस वर्षांच्या वयात किरण लागलेल्या माणसाचा सत्तरीतला आकडा आहे प्रति ग्रे ४७ टक्के वाढ. म्हणजे हिरोशिमाएवढा धोका तिथे नसावा असं म्हणायला जागा आहे, धोका शून्य आहे असं म्हणायला नाही. बारीक परिणाम पकडायला जाळीही बारीक लागते. मोठ्या भोकांच्या जाळ्यात मांदेली आली नाही, म्हणून समुद्रात मांदेली नाही असं आपला कोळी कधी म्हणणार नाही.

यातूनच तो जुना वाद येतो, उंबरठ्याचा. एखाद्या मात्रेखाली किरणोत्सर्ग पूर्ण निरुपद्रवी असतो का? विष जसं थोडं पचतं, तसं? की मात्रा निम्मी केली तर धोका निम्मा होतो, पण शून्य कधीच होत नाही? नियम करणाऱ्यांनी दुसरी बाजू धरली आहे: उंबरठा नसलेली सरळ रेषा. ती सिद्ध झाली म्हणून नव्हे, तर सावधपणा म्हणून. अलीकडे तिला आणखी आधार मिळाला. फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका यांच्या अणुउद्योगातल्या तीन लाख नऊ हजार कामगारांचा अभ्यास २०२३ मध्ये छापून आला. या मंडळींना वर्षानुवर्षं थेंबथेंब मात्रा मिळाली होती, तरी कर्करोगाच्या मृत्यूंत प्रति ग्रे ५२ टक्के वाढ निघाली. हिरोशिमाच्या जवळचाच आकडा. कोणालाही इतकी, म्हणजे अख्खी एक ग्रे मात्रा सहसा मिळत नाही, सरासरी त्याच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास होती, हेही सांगायला हवं.

कधी कधी शोधायला गेलं म्हणूनच रोग वाढतो. १९८६ च्या चेर्नोबिलनंतर बेलारूसमधल्या मुलांत थायरॉइडचे कर्करोग दिसू लागले, तेव्हा १९९२ मध्ये पाश्चात्त्य तज्ज्ञांना ते इतक्या लवकर शक्यच वाटेनात. तपासणी वाढली म्हणून सापडत असतील, असं ते म्हणाले. ती वाढ खरी होती, दुधातून गेलेल्या किरणोत्सारी आयोडिनमुळे. २००५ पर्यंत सहा हजारांवर मुलं आणि किशोरवयीन रुग्ण झाले. याउलट २०११ नंतर फुकुशिमात सुमारे तीन लाख मुलांचे गळे सोनोग्राफीनं तपासले आणि पहिल्याच फेरीत शंभरावर संशयित किंवा निश्चित कर्करोग निघाले. तिथे मात्र मात्रा चेर्नोबिलच्या मानानं फारच कमी होती आणि बहुतेक तज्ज्ञ याला तपासणीचाच परिणाम मानतात. शब्द तोच, एकदा चुकीचा ठरला, एकदा बहुधा बरोबर.

आता न्यायालय. जपानमध्ये बॉम्बमधून वाचलेल्यांना ओळखपत्र मिळतं, आणि आजार बॉम्बमुळेच झाला असं सरकारनं मान्य केलं तर दरमहा भत्ता मिळतो. मान्य कसं करायचं? २००१ पासून सरकारनं हजेरीपटातलं गणित वापरलं. अर्जदार किती अंतरावर होता, वय किती, कर्करोग कोणता, यावरून 'कारण असण्याची शक्यता' टक्क्यांत काढायची. पन्नास टक्क्यांच्या वर गेलात तर मान्य, दहाच्या खाली गेलात तर बहुधा नामंजूर. नऊ कर्करोगांतला एक बॉम्बमुळे, असं आपण वर पाहिलं. मग त्या नवांतल्या बहुतेकांच्या वाट्याला अकरा-बारा टक्केच येणार! घोळक्यासाठी काढलेलं उत्तर एकेका माणसाला लावलं, की त्या एकातल्या खऱ्या पीडितालाही बाहेर बसावं लागतं. तीनशेहून अधिक वृद्धांनी २००३ पासून देशभर दावे लावले. २००६ पासून निकाल बहुतांशी त्यांच्या बाजूनं लागत गेले, २००८ मध्ये सरकारनं निकष बदलले, आणि २००९ च्या ६ ऑगस्टला हिरोशिमात पंतप्रधानांनी समझोत्यावर सही केली.

तरी काही माणसं हजेरीपटाच्या दारातही आलेली नव्हती. बॉम्बनंतर हिरोशिमाच्या पश्चिमेला आणि वायव्येला काळा पाऊस पडला. राख आणि किरणोत्सारी धूळ घेऊन. सरकारनं १९७६ मध्ये जोरदार पावसाचा एक पट्टा नकाशावर आखला आणि त्यातल्यांना सवलती दिल्या. त्या रेषेच्या बाहेर ज्यांच्या अंगावर, विहिरीत, भाजीवर तोच पाऊस पडला, त्यांच्याकडे दाखवायला मात्राच नव्हती. १९४५ च्या भाजीतलं काय मोजणार? त्यांतल्या ८४ जणांनी दावा लावला. १४ जुलै २०२१ ला हिरोशिमाच्या उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. मात्रा सिद्ध करायची गरज नाही, पाऊस अंगावर आला, ते पाणी प्यायलं गेलं, त्यातून इजा झाली असण्याची शक्यता नाकारता येत नाही, एवढं पुरे, असं न्यायालयानं म्हटलं. सरकारनं अपील केलं नाही. नवे निकष हिरोशिमापुरते झाले, नागासाकी त्यांत नव्हतं. तिथल्या ४४ जणांचा दावा सप्टेंबर २०२४ मध्ये निकालाला आला. ज्यांच्या गावी काळा पाऊस पडल्याचं न्यायालयाला पटलं, त्या १५ जणांना बॉम्बपीडित मानलं गेलं. उरलेल्या २९ जणांना नाही.